सुएझ कालवा आणि मी कापलेले गुण

५ एप्रिलच्या राष्ट्रीय सागरी दिनानिमित्त अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप घेऊन नववीच्या दोन मुली माझ्या घरी आल्या, तेव्हा मला हसूच आले. ग्वाल्हेरचा आणि समुद्राचा काय संबंध? आपल्याकडे पाणी म्हणजे तिघऱ्याचे धरण आणि उन्हाळ्यात एक दिवसाआड येणारा नळ. मी स्वतः समुद्र पाहिला तो वयाच्या सव्विसाव्या वर्षी, मुंबईला मावसभावाच्या लग्नाला गेलो तेव्हा. त्याआधी तीन वर्षे मी या शाळेत मुलांना समुद्र शिकवत होतो, ही गोष्ट आज कबूल करायला हरकत नाही.

मुलींना नाही म्हणणार होतो. पण त्या गेल्यावर कपाटातला जुना ॲटलास दिसला आणि वाटले की एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सुएझ कालव्याची आहे, आणि थोडी माझीही.

माझ्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांना आठवत असेल, 'सुएझ कालव्याचे महत्त्व सांगा' हा माझा पाच गुणांचा आवडता प्रश्न होता. उत्तर ठरलेले. भूमध्य समुद्र व तांबडा समुद्र जोडले गेले. आफ्रिकेला घालावा लागणारा वळसा वाचला. मुंबईहून लंडनला केपच्या वाटेने सुमारे वीस हजार किलोमीटर पडत, ते अंतर साडेअकरा हजारांच्या आसपास आले. वेळ व इंधन वाचले. मुंबई बंदराची भरभराट झाली. पाच मुद्दे, पाच गुण. मुले ते पाठ करून येत आणि मी डोळे मिटून तपासत असे.

यातले काहीही खोटे नाही. आजही कोणी विचारले तर मी हेच सांगेन. कालवा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षी, म्हणजे १८७० साली, त्यातून ४८६ जहाजे गेली. २०२३ साली हा आकडा २६ हजारांच्या वर होता. जगाच्या एकूण व्यापारातला साधारण आठवा हिस्सा या एका पाण्याच्या पट्टीतून जातो असे मानतात. दुकानातल्या कितीतरी वस्तू आपल्यापर्यंत येताना त्या वाळवंटातून सावकाश सरकत आलेल्या असतात.

१९८८ सालची सहामाही परीक्षा होती. नववीच्या एका मुलाने या प्रश्नाचे उत्तर वेगळेच लिहिले. पहिल्या चार ओळींत त्याने अंतर वगैरे उरकले आणि पुढे पानभर लिहिले की हा कालवा मिसरच्या गरीब शेतकऱ्यांनी वेठीने खणला. त्यांना पुरेशी फावडीसुद्धा मिळाली नाहीत, हातांनी वाळू उपसून त्यांनी ती टोपल्यांतून वाहिली. आणि हे त्याला कसे ठाऊक? तर त्याचे पणजोबा ग्वाल्हेरच्या पलटणीतून लढाईसाठी तिकडे गेले होते, त्यांना तिथल्या एका म्हाताऱ्याने अर्ध्या शब्दांनी आणि अर्ध्या खुणांनी सांगितले की हे माझ्या बापाने खणले आहे. पणजोबांनी ते सुनेला सांगितले आणि सुनेने, म्हणजे मुलाच्या आजीने, नातवाला.

मी लाल शाईने लिहिले, 'प्रश्नाला धरून लिहावे. घरातल्या गोष्टी नकोत.' आणि दोन गुण कापले.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा एक कार्ड घेऊन आला. जुने, कडा झिजलेले चित्राचे पोस्टकार्ड. समुद्रात शिरलेला एक धक्का, त्यावर उंच चौथरा आणि चौथऱ्यावर कोट घातलेल्या एका साहेबाचा पुतळा, एक हात पुढे करून 'या' म्हणत असल्यासारखा. पणजोबांनी पोर्ट सईदहून आणलेले. मुलाला एवढेच म्हणायचे होते की सर, ते खरोखर गेले होते. मी म्हणालो, "असे का? मग पणजोबांनाच परीक्षेला बसवू या." वर्ग हसला. कार्ड मी टेबलावर ठेवून घेतले, सुट्टीत घेऊन जा म्हणालो. तो आला नाही आणि मीही विसरलो.

आता त्या मुलाचे म्हणणे किती खरे होते ते सांगतो. हे मी तेव्हाच वाचायला हवे होते. वाचले ते निवृत्तीनंतर.

दोन समुद्र जोडावेत ही कल्पना फार जुनी. नाईल नदीतून तांबड्या समुद्राकडे कालवा काढण्याचे काम प्राचीन काळी झाले होते आणि इराणचा सम्राट दरायस याने तसे शिलालेखही कोरून ठेवले. पुढे नेपोलियन मिसरमध्ये उतरला तेव्हा त्याच्या इंजिनिअरांनी मोजणी केली आणि तांबडा समुद्र भूमध्य समुद्रापेक्षा सुमारे दहा मीटर उंच आहे असा निष्कर्ष काढला. म्हणजे कालवा काढला तर सगळे बुडणार! ही चूक दुरुस्त व्हायला १८४७ उजाडले. दोन्ही समुद्रांची पातळी जवळजवळ सारखीच आहे. म्हणूनच सुएझला पनामासारखे जहाज उचलणारे दरवाजे लागत नाहीत. हा फरक मुलांनी लक्षात ठेवावा, तो हटकून विचारला जातो. (सवय जात नाही.)

ज्याच्या नावावर हा कालवा आहे तो फर्डिनांड द लेसेप्स इंजिनिअर नव्हता, फ्रान्सचा वकिलातीतला अधिकारी होता. मिसरच्या राज्यकर्त्याचा मुलगा सईद लहानपणी फार लठ्ठ होता, बापाने त्याचे खाणे तोडले होते, तेव्हा द लेसेप्सच्या घरी त्याला चोरून मॅकरोनी खायला मिळे, असे सांगतात. पुढे हाच सईद पाशा गादीवर आला आणि ३० नोव्हेंबर १८५४ रोजी त्याने जुन्या स्नेह्याला कालव्याचा परवाना दिला. कालवा सुरू झाल्यापासून ९९ वर्षे तो कंपनीकडे राहायचा होता. २५ एप्रिल १८५९ रोजी भूमध्य समुद्राच्या काठी पहिली कुदळ पडली. त्या जागी वसलेले गाव म्हणजे पोर्ट सईद.

आणि कामगार? पाचातले चार कामगार मिसरचेच असावेत असे ठरले होते आणि ते पुरवण्याची जबाबदारी सईदने घेतली. ती पुरी करण्याचा त्याच्याकडे एकच मार्ग होता, वेठ. काम ऐन भरात असताना दर महिन्याला सुमारे वीस हजार शेतकरी गावांतून आणले जात. वीस हजार खणत असत, तेव्हा तितकेच वाटेवर येत असत आणि तितकेच परत जात असत. म्हणजे साठ हजार माणसे स्वतःच्या शेतापासून तुटलेली. मजुरी थोडी. सुरुवातीला तर पिण्याचे पाणीही उंटांवरून आणावे लागे, नाईलचे गोडे पाणी आणणारा वेगळा कालवा नंतर पोहोचला. फावडी कमी, हात पुष्कळ. चिखलाच्या भागात माणसे दोन्ही हातांनी गाळ उपसून काठावर टाकत. त्या मुलाच्या उत्तरात जे होते तेच.

किती माणसे गेली? नासेर यांनी १९५६ च्या भाषणात १ लाख २० हजार हा आकडा सांगितला. पुष्कळ इतिहासकारांना तो जास्त वाटतो. १८६५ साली पटकीची साथ कामावर पसरली, तेव्हा मेलेल्यांची मोजदाद धड झालीच नसावी असे मला वाटते. राजाच्या मेजवानीत किती शाही पाहुणे होते ते आपल्याला नावांनिशी ठाऊक आहे, हे मात्र खरे.

वेठ बंद झाली १८६४ च्या सुमारास, सईदनंतर आलेल्या इस्माईलच्या कारकिर्दीत. इंग्रजांनी वेठीविरुद्ध पुष्कळ आरडाओरड केली होती. त्यात दया किती आणि कालवा फ्रेंचांच्या हाती जाईल ही धास्ती किती, हे वरच्या वर्गातल्या मुलांनी इतिहासाच्या बाईंना विचारावे. मजूर काढून घेतले म्हणून कंपनीने भरपाई मागितली, निवाडा फ्रान्सच्या सम्राटाकडे सोपवला गेला आणि त्याने ती मिसरकडून मोठ्या रकमेने देववली. ज्याची माणसे राबली त्यानेच दंड भरला! त्यानंतर वाफेवर चालणारी गाळ उपसण्याची यंत्रे आली आणि उरलेले काम भराभर झाले.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा उघडला. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिची नौका मिरवणुकीच्या अग्रभागी होती. कैरोत नवे ऑपेरागृह बांधले गेले. 'आयडा' हा प्रसिद्ध ऑपेरा या उद्घाटनासाठी लिहिला असे मीच वर्गात सांगत आलो, ते चूक आहे. तो कैरोत प्रथम झाला १८७१ च्या डिसेंबरात. आणखी एक गंमत. बार्थोल्डी नावाच्या फ्रेंच शिल्पकाराने कालव्याच्या तोंडाशी हातात दिवा घेतलेल्या मिसरी शेतकरी बाईचा प्रचंड पुतळा उभारायची योजना मांडली होती. इस्माईलने ती नाकारली. त्याच शिल्पकाराने पुढे अमेरिकेसाठी स्वातंत्र्यदेवीचा पुतळा केला.

एवढ्या थाटाचे पैसे कर्जाचे होते. सहा वर्षांत इस्माईलवर कालव्याचे शेअर विकायची पाळी आली. १८७५ साली इंग्लंडचे पंतप्रधान डिझरायली यांनी ते सुमारे ४० लाख पौंडांना घेतले, तेही रॉथशिल्डकडून उसने काढून. ज्यांनी कालव्याला सर्वांत जास्त विरोध केला तेच आता सर्वांत मोठे भागीदार झाले. १८८२ साली त्यांचे सैन्यही आले आणि राहिले. आपल्या गावात सावकाराकडे शेत गहाण पडण्याच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना यातले काही समजावून सांगायला नको.

आता ग्वाल्हेरच्या पलटणीचे.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरले. सिनाईचे वाळवंट ओलांडून तुर्क कालव्यावर येणार हे दिसत होते. कालवा राखायला जे सैन्य गेले त्यात बहुतेक भरणा हिंदी शिपायांचा होता. त्यात संस्थानांच्या पायदळाची एक ब्रिगेड होती आणि तिच्यात अलवर व पटियाळाच्या बरोबरीने आपले ग्वाल्हेरचे पायदळ होते. घोडदळात हैदराबाद, म्हैसूर आणि पटियाळाचे स्वार होते. १९१५ च्या फेब्रुवारीत, २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री, वाळवंटातून ओढत आणलेल्या लोखंडी होड्या पाण्यात टाकून तुर्कांनी कालवा ओलांडायचा प्रयत्न केला. थोडेसेच पलीकडे पोहोचले, हल्ला मोडला. कामी आलेल्या हिंदी शिपायांचे एक स्मारक कालव्याच्या दक्षिण टोकाला पोर्ट तौफिक येथे १९२६ साली उभारले होते, त्यावर दोन वाघ होते. १९६७ नंतरच्या लढायांत ते उद्ध्वस्त झाले. आता त्या शिपायांचे स्मरण कैरोजवळच्या हेलिओपोलिस येथील युद्धदफनभूमीत केलेले आहे.

म्हणजे त्या मुलाचे पणजोबा खरोखर तिथे असू शकतात. नव्हे, असणारच. बाड्याजवळच्या गल्लीतून निघून एक माणूस दुसऱ्याच्या कालव्याच्या काठावर दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी बंदूक घेऊन बसला, आणि तिथल्या एका म्हाताऱ्याने त्याला कालवा कोणी खणला ते सांगितले. भूगोलाच्या तासाला मी यावर वर्ग हसवला.

सागरी दिनाचा धागाही ग्वाल्हेरलाच येतो, हे मला ठाऊक नव्हते. त्याच युद्धात माधवराव शिंदे महाराजांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाचे जहाज विकत घेऊन जखमी हिंदी शिपायांसाठी त्याचे इस्पितळ केले. त्याचे नाव ठेवले 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदी मंडळींनी ते घेतले आणि आपल्या कंपनीला नाव दिले सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या मार्गावर हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. १९६४ पासून हा दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. समुद्र नसलेल्या गावाचे नाव असे समुद्रात गेले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. २६ जुलै १९५६ रोजी अलेक्झांड्रियाच्या सभेत नासेर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. भाषणात 'द लेसेप्स' हे नाव आले की कंपनीची कार्यालये ताब्यात घ्यायची, असा संकेत आधीच ठरला होता. ऐकू आले नाही असे व्हायला नको म्हणून नासेर यांनी ते नाव पुनःपुन्हा घेतले. परवाना संपायला तेव्हा बारा वर्षे उरली होती. इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी हल्ला केला, मिसरने जहाजे बुडवून कालवा अडवला, आणि जगाच्या दबावाखाली फौजांना परत जावे लागले. त्याच डिसेंबरात पोर्ट सईदच्या लोकांनी द लेसेप्सचा पुतळा सुरुंग लावून चौथऱ्यावरून पाडला. माझ्या टेबलावरच्या कार्डातला साहेब तो हाच.

मग २०२१ चा मार्च. कोरोनाचे दिवस, होळीसुद्धा घरातच करायची होती. २३ तारखेला 'एव्हर गिव्हन' नावाचे ४०० मीटर लांबीचे जहाज वाऱ्याच्या आणि धुळीच्या वादळात तिरके होऊन कालव्यात अडकले. नाक एका काठात, शेपूट दुसऱ्या काठाला. मी आनंदाने ॲटलास काढला. खोटे कशाला बोलू, निवृत्त भूगोल शिक्षकाच्या आयुष्यात असे दिवस फार येत नाहीत. ईशान्य आफ्रिकेचे पान उघडले आणि त्यातून ते कार्ड खाली पडले. तेहतीस वर्षे मी ते योग्य पानात ठेवले होते आणि मालकाला दिले नव्हते.

त्याच संध्याकाळी चौकशी करून त्याच्या घरी फोन लावला. त्याच्या आईने उचलला. तिचा मुलगा बारावीनंतर कलकत्त्याला मरीन इंजिनिअरिंग शिकला आणि आता जहाजावर चीफ इंजिनिअर आहे, हे मला तेव्हा कळले. "सर, त्याचेच जहाज तिकडे उभे आहे हो, सुएझच्या बाहेर," ती म्हणाली. "टीव्हीवर तेच तेच दाखवतात. कधी सुटेल हो?"

मी कार्डाचा विषय काढलाच नाही. म्हणालो, "वहिनी, होळी पौर्णिमेपर्यंत थांबा. पौर्णिमेला उधाणाची भरती येते, पाणी चढते. सुटले तर तेव्हा सुटेल." माझे शहाणपण काही फार नव्हते, तिथले लोकही त्याचीच वाट पाहत होते. नाकाखालची वाळू उपसणे चालू होते, टग ओढत होते. २८ मार्चला पौर्णिमा झाली, रात्री इथे होळ्या पेटल्या आणि २९ तारखेला, आपल्या धुळवडीच्या दिवशी, जहाज सुटले. तोवर चारशेहून अधिक जहाजे खोळंबली होती. संध्याकाळी त्या माउलीचा फोन आला, "सर, हलले बघा!"

मात्र 'एव्हर गिव्हन'वरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय होते, आणि भरपाईचा वाद मिटेपर्यंत ते जहाज कालव्याच्या मधल्या सरोवरात अडकवून ठेवले गेले. ७ जुलैला सोडले. बातमीत सारखा अब्जावधींचा हिशेब येत होता. त्या पंचवीस घरांत तीन महिने काय चालले असेल ते कुठे फारसे आले नाही.

त्या वर्षी दिवाळीला तो सुटीवर आला आणि मला भेटायला घरी आला. डोक्यावर केस विरळ, हातात बाड्यावरच्या दुकानातला मिठाईचा डबा. वाकून नमस्कार केला, तेव्हा मला बरे वाटले नाही. मी त्याला कालव्याबद्दल विचारत बसलो, कारण दुसरे बोलायचे धाडस होत नव्हते. त्याने छान सांगितले. एकामागून एक जहाजांची रांग लागते. मिसरचा वाटाड्या चढतो, पायलट म्हणतात त्याला. काठ ढासळू नयेत म्हणून ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास जायचे. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला १९३ किलोमीटर, बारा ते सोळा तास. इंजिनरूममध्ये सगळे जागे, कारण एवढ्या अरुंद जागी यंत्र बंद पडले तर काय होते ते जगाने पाहिले. एका बाजूला हिरवे, शेते, खजुरी, कधी शाळेत जाणारी मुले. दुसऱ्या बाजूला वाळू. "आणि सर, ते हिरवे नाईलच्या पाण्याचे आहे. मजुरांसाठी आणलेल्या गोड्या पाण्याच्या कालव्याचे."

मधल्या कडू सरोवराची गोष्टही त्यानेच सांगितली. १९६७ च्या युद्धात कालवा बंद झाला आणि चौदा जहाजे त्या सरोवरात कोंडली गेली. आठ वर्षे! १९७५ च्या ५ जूनला कालवा पुन्हा खुला होईपर्यंत. अंगावर वाळवंटाची पिवळी धूळ बसली म्हणून त्यांना 'पिवळा ताफा' म्हणत. ब्रिटिश, अमेरिकन, पोलिश, बल्गेरियन, ज्यांची सरकारे एकमेकांशी बोलत नव्हती त्यांच्या खलाशांनी तिथे एक मंडळ काढले, एकमेकांच्या जहाजांवर जाऊन जेवले, स्वतःची टपाल तिकिटे रंगवली आणि १९६८ साली आपले ऑलिंपिकही भरवले. शेवटी फक्त दोन जर्मन जहाजे स्वतःच्या इंजिनांवर घरी पोहोचली. "त्या दोन जहाजांच्या चीफ इंजिनिअरांना माझा सलाम," तो म्हणाला.

मग मी ॲटलास आणला आणि कार्ड त्याच्या हातात दिले. तो बराच वेळ बघत राहिला.

"आजी विचारायची," तो म्हणाला. "मी सांगत असे, शाळेत ठेवले आहे म्हणून."

आजी १९९६ साली वारली, हे त्याने न विचारता सांगितले. मी म्हणालो, "अरे, माझी चूक झाली. तुझे उत्तर बरोबर होते. मी उगाच दोन गुण कापले."

"तीन, सर," तो म्हणाला. "पाचांपैकी दोन दिले होते."

आम्ही दोघेही हसलो, पण मी त्या हसण्यात पूर्ण नव्हतो.

त्यानंतर तो दोनदा कालव्यातून गेला. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा त्याच्या कंपनीने जहाज केपच्या वाटेने वळवले. आपण ज्याला 'वाचलेला वळसा' म्हणून पाच गुण देत होतो तो परत आला, दहा-बारा दिवस जास्तीचे. २०२४ साली कालव्यातून जाणारी जहाजे जवळजवळ निम्म्यावर आली. त्या जानेवारीत 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजाला क्षेपणास्त्र लागून आग लागली. त्यावर बावीस भारतीय होते, आणि आग विझवायला आपल्या नौदलाची 'विशाखापट्टणम' धावली. त्या दिवशी वहिनींनी फोन केला नाही. मीच केला. तो अटलांटिकमध्ये होता.

कार्ड त्याने परत नेले नाही. म्हणाला, घरी कपाटात राहील, त्यापेक्षा शाळेत राहू दे, आजीला मी खोटे सांगितले असे तरी होणार नाही. विश्वस्तांनी परवानगी दिली आहे. काचेच्या चौकटीत ते भूगोलाच्या खोलीत जगाच्या नकाशाशेजारी लावले आहे. मुलांनी मधल्या सुट्टीत जाऊन पाहावे. चौथऱ्यावरचा साहेब चटकन दिसतो. पण धक्क्याच्या डाव्या कोपऱ्यात, भिंग धरले तर, टोपली घेतलेली दोन माणसेही आहेत. मला ती ते काचेत बसवताना दिसली.